पेटी आणि उंबरा

आजचा वाचनभाग : २ राजे १२:४-१६
(वेळ असेल तर सोबत २ इतिहास २४ वाचा. आज तो लागणार आहे.)



आजचा भाग वाचून तुमच्यापैकी अर्ध्या जणांना वाटेल की यात मनन करण्यासारखं काय आहे? मंदिराची डागडुजी, पैसे कुठून आणायचे, सुतार, गवंडी, पाथरवट, लाकूड, घडीव दगड. एखाद्या कमिटीचं प्रोसिडिंग बुक वाचतोय असं वाटतं. मलाही आधी तसंच वाटायचं. वार्षिक वाचनाच्या तक्त्यात हा अध्याय आला की मी तो लोकलच्या दोन स्टेशनांमध्ये उरकून टाकायचे.

या वर्षी तसं झालं नाही, कारण या वर्षी आमच्या चर्चच्या छपराचा हिशेब माझ्याकडे होता.

थोडी पार्श्वभूमी सांगते. माझं घर साताऱ्याकडचं, आजोळ सांगलीचं, नोकरी पुण्यात. इथे मी ज्या मंडळीत जाते ती एक छोटी मेथडिस्ट मंडळी आहे. रविवारी पन्नास माणसं जमली तर पाळकसाहेब खूश असतात. त्यातली बरीच घरं सातारा, वाई, कऱ्हाड, मिरज, सांगली इकडून पोटापाण्यासाठी आलेली. गंमत म्हणजे गावाकडे यातलं जवळजवळ कुणीच मेथडिस्ट नव्हतं. साताऱ्याकडे काम अमेरिकन मराठी मिशनचं, सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन मिशनचं. ते प्रवाह पुढे १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मिळाले. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट त्या ऐक्यात शेवटच्या टप्प्यावर गेले नाहीत, आणि १९८१ पासून ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून उभे आहेत. पण शहरात आल्यावर माणूस मिशनचा इतिहास बघून चर्च निवडत नाही. बस कुठे थांबते आणि ओळखीचं कोण आहे, हे बघतो.

तर आमचं चर्च. दगडी भिंती, वर मंगळुरी कौलं. (जाता जाता : ही कौलंही एका अर्थी मिशनचीच. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरली.) कौलारू छपराचं एक असतं. ते दर वर्षी पावसाआधी शाकारावं लागतं. म्हणजे कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा-वासे ठोकून बघायचे, पन्हळीतला पालापाचोळा उपसायचा आणि पुन्हा नीट बसवायची. गावाकडे हे काम मे महिन्यात घरोघरी चालतं. आम्ही चार वर्षं केलं नव्हतं. 'या वर्षी ताडपत्री टाकू, पुढच्या वर्षी बघू.' मग गेल्या पावसाळ्यात पाणी थेट बाजाच्या पेटीवर गळायला लागलं आणि तिचे तीन सूर गेले. वर चढून बघितलं तर दोन वासे वाळवीने आतून पोकळ केलेले. अंगठ्याने दाबले की भुगा.

आता मंडळी योवाशाकडे येऊ.

योवाश सात वर्षांचा असताना राजा झाला. त्याआधी तो कुठे होता? मागच्या अकराव्या अध्यायात आहे. अथल्या राजघराण्याचा नायनाट करत होती, तेव्हा त्याच्या आत्याने त्याला उचललं आणि सहा वर्षं परमेश्वराच्या मंदिरात लपवून ठेवलं. म्हणजे ज्या वयात मूल अंगणात खेळतं, त्या वयात हा पोरगा मंदिराच्या खोल्यांमध्ये दडून वाढला. कुठल्या भिंतीला तडा आहे, कुठला कोपरा ओला राहतो, हे त्याला माहीत असणारच. बायबल तसं लिहीत नाही, हा माझा अंदाज. पण मंदिराच्या दुरुस्तीचा आग्रह त्या काळात याजकांनी धरला नाही, राजाने धरला, हे मात्र लिहिलेलं आहे. लहानपणी ज्या छपराखाली जीव वाचला ते छप्पर माणूस विसरत नाही.

त्याचा पहिला बेत साधा होता. मंदिरात येणारा पैसा याजकांनी आपापल्या ओळखीच्या लोकांकडून घ्यायचा आणि त्यातून जिथे मोडतोड दिसेल तिथे दुरुस्ती करायची. 'ओळखीच्या लोकांकडून' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील. हा बेत फसला. राज्याच्या तेविसाव्या वर्षापर्यंत काहीच काम झालेलं नव्हतं. कुणी चोरी केली असं वचन म्हणत नाही. नुसतं झालं नाही. आपल्या ताडपत्रीसारखंच. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणी बघेल.

मग राजाने याजकांना बोलावून विचारलं, आणि यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीच्या उजव्या बाजूला ठेवली. येणारा प्रत्येक पैसा त्या पेटीत. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, दोघांनी मिळून मोजायचं, थैल्यांत बांधायचं आणि थेट कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती द्यायचं. ते सुतारांना, गवंड्यांना, पाथरवटांना देणार. चांदीचे पेले-कटोरे करायला त्यातला पैसा लावला नाही. आधी दगड आणि लाकूड.

ही पेटी म्हणजे त्या काळचा क्यूआर कोड आहे, असं मी आमच्या तरुण संघात सांगितलं तेव्हा सगळे हसले. पण खरंच बघा. मधला माणूस काढून टाकला, पैसा एका जागी आणला, दोघांनी मोजला, आणि तेवीस वर्षं अडलेलं काम सुटलं. म्हणून 'पूर्वी कसं सगळं घरोघरी फिरून व्हायचं, आता सगळं मोबाइलवर' असा सूर लावणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. घरोघरी फिरणं यहूदातही फसलं होतं.

एक इशारा मात्र. पंधराव्या वचनात आहे की देखरेख करणाऱ्यांकडून हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत. हे वचन दाखवून कुणी तुम्हाला 'हिशेब कशाला, विश्वास ठेवा' म्हणालं, तर त्यांना दहावं वचन दाखवा. तिथे दोन माणसं मोजतायत. आणि आपल्याकडे तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला हिशेब ठेवावाच लागतो. सचोटीच्या माणसाला हिशेब दाखवायची भीती नसते.

तर आम्हीही पेटी केली. अंदाजपत्रक आलं दोन लाख चाळीस हजारांचं. मी क्यूआर कोड छापून दाराशी लावला, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, एक्सेलमध्ये रकाने पाडले. कुणी पाचशे, कुणी पाच हजार. परदेशात गेलेल्या दोन मुलांनी एकरकमी मोठी रक्कम पाठवली. अडीच महिन्यांत पावणेदोन लाखांच्या वर जमले. मी दर रविवारी उपासनेनंतर उभं राहून आकडा सांगायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. मला ते आवडायला लागलं होतं, हे कबूल करते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी जुन्या वर्गणीच्या वहीवरून नावं एक्सेलला जुळवत बसले होते. वहीत एक नाव होतं, त्यांना सगळे मावशी म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, मूळच्या साताऱ्याच्या, इथे एका खोलीत एकट्या राहायच्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पन्नास रुपयांचं पाकीट, त्यावर पेन्सिलने महिन्याचं नाव. वर्षानुवर्षं एकही महिना चुकलेला नाही. आणि जानेवारीपासून काहीच नाही. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, तिन्ही रकाने कोरे.

मी पहिल्यांदा काय विचार केला सांगू? 'मावशींना क्यूआर जमत नसेल.' बस. मग पुढच्या नावाकडे गेले. तीन-चार नावं झाल्यावर हात थांबला. मावशींना चर्चमध्ये शेवटचं कधी बघितलं? आठवेना. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला विचारलं, तिलाही आठवेना. पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्यांची जबाबदारी आहे, ते आमच्याकडे एका आड एक रविवारी येतात. त्यांना वाटलं मावशी दुसऱ्या रविवारी येत असतील. पन्नास माणसांची मंडळी, आणि त्यातलं एक माणूस तीन महिने नाही, हे आम्हाला वहीतल्या कोऱ्या रकान्यावरून कळलं. ती जुनी वही मी फेकून दिली असती तर तेवढंही कळलं नसतं. माझ्या एक्सेलमध्ये पैसे देणाऱ्यांचीच नावं होती. न देणारा माणूस त्यात दिसतच नाही.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ही आमच्या मेथडिस्ट घरातलीच आहे, पण आमच्यातल्याही फार थोड्यांना माहीत असते.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉन वेस्लीने १७३९ साली सभेसाठी एक इमारत बांधायला घेतली. तिचं नाव 'न्यू रूम'. बांधकामाचं कर्ज झालं. १५ फेब्रुवारी १७४२ या दिवशी मंडळी जमली ती प्रार्थनेच्या नव्या पद्धतीवर बोलायला नव्हे, हे कर्ज फेडायचं कसं यावर बोलायला. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, कित्येकांना तेवढीही परवडणार नाही. त्यावर तो म्हणाला की सगळ्यांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. देता आलं तर घेईन, नाही आलं तर त्यांचं मी भरेन. मग इतरांनीही अकरा-अकरा जण वाटून घेतले.

हे लोक पेनी गोळा करायला दारोदार जायला लागले आणि दार उघडल्यावर त्यांना आतलं दिसायला लागलं. एकाच्या घरी नवराबायकोचं भांडण चाललेलं. दुसरा दारू पिऊन पडलेला. त्यांनी येऊन वेस्लीला सांगितलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण इतके दिवस शोधत होतो ते हेच. वर्गणी गोळा करणारा माणूस त्या अकरा जणांची विचारपूस करणारा, त्यांच्यासाठी प्रार्थना करणारा पुढारी झाला. यालाच पुढे 'क्लास' म्हणायला लागले आणि मेथडिस्ट चळवळ शंभर वर्षं या छोट्या गटांवर उभी राहिली. घरोघरी जाण्यात अडचणीही आल्या. वेळ फार जायचा, आणि जे नोकर म्हणून दुसऱ्याच्या घरी राहत त्यांच्याकडे मालक येऊ देत नसत. म्हणून नंतर आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरलं. पण सुरुवात झाली ती एका इमारतीच्या कर्जातून.

आपल्याकडेही तेच बी आलं. विल्यम टेलर १८७१ च्या अखेरीस मुंबईत आला आणि त्याच्या सभांमधून घराघरांत असे छोटे गट जमू लागले. त्याचा हट्ट होता की मंडळीने आपला खर्च आपणच चालवायचा, मिशनच्या पैशांवर नाही. त्याच्याबरोबर आलेला जॉर्ज बोएन तर १८४८ पासून मुंबईत होता. मिशनचा पगार सोडून, अगदी साधेपणाने, १८८८ साली मरेपर्यंत याच शहरात राहिला.

फॉयच्या पेनीत आणि योवाशाच्या पेटीत फरक काय, यावर मी बरेच दिवस विचार करतेय. यहूदात ओळखीच्या लोकांकडून पैसा गोळा करणं फसलं, ब्रिस्टलमध्ये जमलं. का? मला वाटतं, याजक ओळखीच्यांकडे घेण्यासाठी जात होते. फॉय कमी पडेल ते भरण्यासाठी गेला. दोघेही उंबऱ्यापर्यंत पोचले, पण एकाचा हात पुढे होता आणि दुसऱ्याचा हात खिशात होता.

असो. मी आणि माझी मैत्रीण एका शनिवारी मावशींच्या खोलीवर गेलो. कुलूप. शेजारणीने सांगितलं, मार्चमध्ये भाऊ येऊन साताऱ्याला घेऊन गेला. मग पुढच्या शनिवारी स्वारगेटवरून एसटी धरली. खंबाटकीचा घाट, भर दुपारचं ऊन, आणि पिशवीत सफरचंदं. आजाऱ्याला भेटायला जाताना आपल्याला दुसरं काही सुचत नाही.

साताऱ्याला जाताना मला नेहमी नारायण वामन टिळक आठवतात. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि याच गावात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, जो ख्रिस्ताचा शिष्य म्हणवेल तो आपला, अशी ती कल्पना. त्यांच्या घरी माणसांचा राबता कसा असायचा, कुणालाही कधीही घरी आणायचे आणि मग लक्ष्मीबाईंची काय तारांबळ उडायची, हे तुम्ही 'स्मृतिचित्रे'त वाचलं असेल. नसेल तर वाचा, मराठी ख्रिस्ती घरात ते पुस्तक नसणं बरं नाही. टिळक १९१९ च्या मे महिन्यात गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. मी कॉलेजात असताना मला ही गोष्ट फार रोमँटिक वाटायची. इमारत नको, कमिटी नको, नुसती माणसं हवीत! आता हिशेब सांभाळल्यावर वाटतं, दरबाराला एखादी वही आणि एखादं छप्पर असतं तर? पण उलटही वाटतं. आमच्याकडे वही आहे, छप्पर आहे, पण टिळकांच्या घरून कुणी तीन महिने दिसेनासं झालं असतं तर ते त्याच आठवड्यात शोधायला निघाले असते.

मावशींच्या भावाचं घर सापडलं. मावशी ओसरीवर बसल्या होत्या, गुडघ्याला पट्टा. आम्हाला बघून ओळखलं. मी 'जय ख्रिस्त मावशी' म्हटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,

"वर्गणी न्यायला आलीस व्हय गं?"

मला काही बोलता येईना. त्या रागाने म्हणाल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. त्यांना खरंच वाटलं होतं की आम्ही त्यासाठी आलोय. दुसरं कशाला येणार?

मग वहिनींनी चहा केला आणि हळूहळू त्या बोलत्या झाल्या. दुखणं गुडघ्याचं, डिसेंबरपासूनच. चालता येत होतं, पण चढता येत नव्हतं. "आपल्या चर्चच्या त्या चार पायऱ्या. धरायला काय नाही. दोन रविवार खालनं परत गेले. कुणाला हाक मारायची म्हटलं तर सगळी आत गाणं म्हणत होती."

दोन रविवार त्या पायऱ्यांखाली उभ्या राहून परत गेल्या होत्या. आम्ही आत होतो. मी बहुतेक तेव्हा आकडा सांगत होते.

आमच्या दुरुस्तीच्या यादीत वासे होते, कौलं होती, पन्हळ, भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप, बाजाच्या पेटीचे सूर, अगदी माइकची वायरही होती. कठडा नव्हता. यादी करणारे आम्ही सगळे चाळिशीच्या आतले, दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारे. इमारतीत काय मोडलंय हे बघायला आम्ही शिडी लावून वर चढलो, पण खाली दाराशी कोण अडलंय हे बघितलं नाही.

निघताना मावशींनी आतून तीन पाकिटं आणवली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. पेन्सिलने लिहिलेली. मी नको नको म्हणत होते तर म्हणाल्या, "का? माझे पैसे नको झाले व्हय?" घेतली.

परतीच्या एसटीत मी २ इतिहास २४ काढलं. योवाशाच्या आयुष्यातला राजे पुस्तकात न सांगितलेला एक भाग तिथे आहे. यहोयादा म्हातारा होऊन वारला. मग राजा दुसऱ्यांचं ऐकायला लागला आणि लोकांनी परमेश्वराचं मंदिर सोडलं. यहोयादाचा मुलगा जखऱ्या उभा राहून बोलला, तेव्हा राजाच्या हुकमाने त्याला दगडमार करून मारलं. कुठे? परमेश्वराच्या मंदिराच्या अंगणात. ज्या मंदिराची डागडुजी याच राजाने केली, जिथे याच्या बापासारख्या माणसाने याला लपवून वाढवलं, तिथेच त्या माणसाच्या मुलाला. भिंती तेव्हा उत्तम स्थितीत असतील. दगड पक्के बसवलेले असतील. मी हे वाचून पुस्तक मिटलं आणि शिरवळपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

मला इमारतीचं काम हलकं ठरवायचं नाही. सांगलीला माझ्या आजोळी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी शिरलं होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट, यावरून कल्पना करा. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ, भिंतीवर डोक्याच्या वर एक तपकिरी रेघ. तेव्हा आमच्या घरी फावडी घेऊन जी माणसं आली त्यांच्यातल्या निम्म्यांना आजी ओळखतही नव्हती. नहेम्या ३ मध्ये यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांची अशीच यादी आहे. सोनार आहेत, गांधी आहेत, शल्लूम आणि त्याच्या मुली आहेत, आणि आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त करणारे आहेत. तकोवाच्या सरदारांनी मात्र मान वाकवली नाही, तेही नोंदवून ठेवलंय. गाळ उपसणं ही उपासना असते हे मी त्या आठवड्यात शिकले. पण ते लोक आजीला आधी विचारत होते, "आजी, आधी कुठली खोली?" आजी म्हणाली, देवघरासारखी जी छोटी खोली आहे, जिथे ती पहाटे बायबल वाचते, ती. त्यांनी ती आधी केली. त्यांच्या मनात आधी स्वयंपाकघर होतं.

तेव्हाच शिकायला हवं होतं. पाच-सहा वर्षं लागली.

आता आम्ही काय केलं ते थोडक्यात. क्यूआर कोड आहे तिथेच आहे. पण तरुण संघातल्या चौघांनी जुन्या वहीतली घरं वाटून घेतली, प्रत्येकी दहा-अकरा. महिन्यातून एकदा जायचं. पैशाचा विषय आपण काढायचा नाही. कुणी दिले तर घ्यायचे आणि पावती द्यायची. पहिल्याच महिन्यात चौघांपैकी एकाला ऑफिसच्या कामामुळे जमलं नाही, आणि दुसरा दोन घरी जाऊन 'फार ऑकवर्ड होतं' म्हणून थांबला. होतंच. अनोळखी माणसाच्या घरी जाऊन 'कसे आहात' विचारायला आपल्याला अलीकडे कारण लागतं. पूर्वी वर्गणीची वही हे कारण होतं, ते आपण काढून घेतलंय. म्हणून आता आम्ही चर्चचं मासिक पत्रक व्हॉट्सॲपवर टाकायचं बंद केलं आणि तेच घेऊन जातो. बरं निमित्त आहे.

ज्याला ऑकवर्ड होतं, त्याला परवा एका घरातून फोन आला की मुलीचं दहावीचं गणित अडलंय, येशील का. तो आता आठवड्यातून दोनदा जातो.

कौलं मेच्या शेवटी शाकारून झाली. दोन वासे नवे. बाजाच्या पेटीवर आता पाणी नाही, पण खिडकीपाशी एक थेंब अजून पडतो, त्याखाली बादली आहे. सगळा खर्च होऊन सहा हजार दोनशे उरले. त्यात मावशींचे दीडशे आहेत. कमिटीत कुणी म्हणालं नवा माइक घेऊ. मी उभी राहिले आणि पायऱ्यांबद्दल सांगितलं. फॅब्रिकेशनवाल्याने लोखंडी पाइपच्या कठड्याचे आठ हजार सांगितले. उरलेले आम्ही चौघांनी घातले. दोन्ही बाजूंना नाही, एकाच बाजूला झालाय, उजव्या. रंग अजून ओला होता तेव्हाच मी फोटो काढून मावशींच्या भाच्याला पाठवला. त्याने सांगितलं, जुलैच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाला, आणतो.

प्रार्थना :
प्रभू, आज ज्याचं नाव माझ्या यादीत नाही त्याचं नाव मला सांग. त्याच्या दारी जायला मला कारण शोधावं लागू नये, आणि लागलंच तर तू ते दे. मावशींचा गुडघा बरा कर. आमेन.

उद्याचा वाचनभाग : नहेम्या ३. नावं खूप आहेत, पण एकही गाळू नका.